उंदीर घालवताना: सापळ्याआधी फटी

रात्री स्वयंपाकघरात काहीतरी कुरतडल्याचा आवाज येतोय, हे घरात कुणाला पटेना. शेवटी ओट्याखालचे डबे बाहेर काढले, तर मागच्या कोपऱ्यात दोन्ही टोकांना निमुळत्या, काळ्या लेंड्या पडलेल्या. मग वादच मिटला.

लेंड्या आधी नीट बघितल्या. 3 ते 6 मिलिमीटरच्या असल्या तर घरातला लहान उंदीर. सेंटिमीटरहून मोठ्या असल्या तर मोठी जात. हे कळलं की पुढचं सोपं जातं. मोठा उंदीर नवी वस्तू दिसली की काही दिवस तिच्या जवळ फिरकत नाही. लहान मात्र चौकस, नवं काही दिसलं की लगेच हुंगायला येतो. आमच्याकडे लहान होते, त्यामुळे सापळ्यावर भरवसा ठेवता येणार होता.

पण येतात कुठून? झोपायच्या आधी भिंतीच्या कडेने पिठाचा पातळ थर भुरभुरवला. सकाळी त्यात बारीक पावलं आणि मधून शेपटीची रेघ उमटलेली, भिंत न सोडता थेट सिंकच्या पाइपापर्यंत गेलेली. पाइप भिंतीत शिरतो तिथे भोवती अर्धवर्तुळाकार फट होती. तिच्या कडेला काळपट, तेलकट डाग आणि त्यात चिकटलेला एक करडा केस. उंदीर भिंतीला अंग घासत रोज त्याच वाटेने जातो, म्हणून असे डाग पडतात.

जिथे साधी पेन्सिल आत जाते तिथून उंदराचं पिल्लूही जातं. 6-7 मिलिमीटरची फट त्याला पुरते. म्हणून पेन्सिल घेऊनच घरभर फिरलो. गॅसच्या नळीचं भोक, एसीच्या पाइपाची जागा, खिडकीच्या जाळीचा सुटलेला कोपरा, मागच्या दाराखालची फट. इतकी वर्षं राहतोय, पण घर एवढं सच्छिद्र असेल असं वाटलं नव्हतं.

भोकात आधी स्टीलची तारेची घासणी घट्ट कोंबली आणि वरून सिमेंट लिंपलं. नुसता फोम मारून भागत नाही. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे फोम तो सहज कुरतडतो. तार मात्र दाताला टोचते. सिमेंट सकाळीच लिंपायचं, म्हणजे रात्रीपर्यंत घट्ट होतं. मोरीच्या तोंडाला धातूची बारीक जाळी, दाराच्या तळाला रबराची पट्टी.

आत अडकलेल्यांसाठी त्याच रात्री स्प्रिंगचे सापळे लावले. सापळा भिंतीला काटकोनात ठेवायचा आणि आमिषाचं टोक भिंतीकडे. आमिष वाटाण्याएवढंच, तेही पीनट बटरसारखं चिकट, म्हणजे उचलून पळता येत नाही. एकाच सापळ्यावर विसंबू नये. लहान उंदीर बिळापासून फार लांब जात नाही, बऱ्याचदा आठ-दहा मीटरच्या आतच फिरतो. म्हणून जिथे लेंड्या तिथे सापळा. पहिला उंदीर सापडला म्हणून सापळे उचलायचे नाहीत. मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्लं, आणि तीही दीड-दोन महिन्यांत प्रजननक्षम होतात.

विष आणलं नाही. बाजारातली बरीचशी विषं रक्त गोठू न देणारी असतात, त्यांनी उंदीर लगेच मरत नाही, काही दिवसांनी मरतो. तो भिंतीत मेला तर वास घरभर, आणि लहान मूल किंवा मांजर त्या वडीपर्यंत पोचलं तर वेगळंच संकट. चिकट पॅड तर मला बघवतही नाहीत. ध्वनिलहरींच्या यंत्राची शिफारसही झाली, पण तो आवाज भिंतीपलीकडे जात नाही आणि उंदीर त्याला सरावतात.

साफसफाई करताना झाडू अजिबात घेतला नाही. धूळ उडाली की लेंड्यांतले जंतू श्वासात जातात. हातमोजे घातले, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण फवारलं, पाच मिनिटं थांबलो आणि मगच कागदाने टिपलं. उंदराच्या मुताने लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंमुळे होणारा ताप) होतो, ही भीती काही उगाच नाही.

धान्य झाकणाच्या बरण्यांत गेलं, कचऱ्याचा डबा रात्री बाहेर. यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त रोज करावं लागतं. सापळे रिकामे राहायला लागल्यावर पुन्हा पीठ भुरभुरवलं, सकाळी त्यावर एकही पाऊल नव्हतं. दाराची रबरी पट्टी मात्र एका कोपऱ्यात झिजू लागली आहे, ती या आठवड्यात बदलायची आहे.