क्वार्ट्ज गेले कुठे? गोव्याच्या लोहखनिजावर पीएच.डी. करताना

डिचोली तालुक्यात वाढलेल्याला खनिज म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. दारावरून टिप्पर धावायचे, तुळशीवर लाल धूळ बसायची आणि मोठ्यांच्या गप्पा फिरून फिरून ग्रेडवर, म्हणजे मालात लोह किती टक्के यावर, यायच्या. "माल 58 च्या वर की खाली?" हे शाळेत असल्यापासून कानावर पडत आलेले. माल किती टक्क्यांचा हे सगळ्यांना माहीत. तो डोंगरात तसा तयार झाला कसा, हे कोणी विचारत नसे. मीही नाही.

भूविज्ञान घेतले ते नोकरीच्या आशेने. खाणीवर जिऑलॉजिस्ट म्हणून चिकटायचे, एवढाच विचार. पण 7 फेब्रुवारी 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने 88 लीजांचे (खाणपट्ट्यांचे) नूतनीकरण रद्द केले आणि 16 मार्चपासून खाणी बंद झाल्या. बाबा एका प्लांटवर कामाला होते, ते घरी बसले. एम.एस्सी.नंतर माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. एक, यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा देऊन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जायचे. दुसरी, नेट देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळवायची. जेआरएफ आधी लागली आणि दरमहा पैसे येणार होते, म्हणून मी संशोधनाकडे वळले. ज्ञानाची ओढ वगैरे नंतर आली, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

विषय ठरला: गोव्याच्या लोहखनिजाचे समृद्धीकरण, म्हणजे खडकातले लोहाचे प्रमाण निसर्गात वाढते कसे. मूळ खडक बँडेड आयर्न फॉर्मेशन, म्हणजे लोहाचे आणि सिलिकाचे एकाआड एक पट्टे. तो साचला 250 कोटी वर्षांहून जुन्या समुद्रात. त्या पाण्यात ऑक्सिजन नव्हता, त्यामुळे लोह विरघळलेले राहू शकत होते. ज्या थरांच्या गटात तो सापडतो त्याला डिचोली फॉर्मेशन म्हणतात. आपल्या तालुक्याचे नाव पुस्तकात वाचून आधी फार भारी वाटले होते. हा पट्टा पेडण्यातल्या नायबागपासून सांग्यातल्या साळगिणीपर्यंत सुमारे 95 किलोमीटर जातो. उत्तरेला लोह जास्त, दक्षिणेला रिवणच्या बाजूला मँगनीजही. पण मूळ खडकात लोह साधारण 30 ते 40 टक्के, आणि खाणीतून निघणारा चांगला माल 60 च्या पुढचा. मधला फरक कुठून आला?

माझी समजूत अशी होती की कुठून तरी जास्तीचे लोह येऊन खडकात भरले असणार. माझ्या मार्गदर्शक सरांनी पहिल्याच आठवड्यात कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "हिशेब कर." हेमॅटाइट म्हणजे लोहाचे ऑक्साइड, त्यात लोह 70 टक्के. पट्ट्यांतली सिलिका म्हणजे क्वार्ट्ज. म्हणजे 35 टक्के लोहाच्या खडकात वजनाने निम्मे हेमॅटाइट आणि निम्मे क्वार्ट्ज. पण हेमॅटाइटची घनता सव्वापाच, क्वार्ट्जची 2.65. आकारमान काढले तर खडकाचा दोन तृतीयांश भाग क्वार्ट्जनेच व्यापलेला! तेवढे क्वार्ट्ज विरघळून गेले तर लोह एक कणही न वाढवता ग्रेड दुप्पट होते, आणि मागे उरलेला पोकळ सांगाडा स्वतःच्याच भाराने ढासळतो. गोव्यात कठीण कवचाखाली मऊ, पावडरीसारखा माल का लागतो, याचे उत्तर त्या एका कागदावर होते. काय आले हे शोधायचे नव्हते, काय गेले हे शोधायचे होते.

मग दुसरा हिशेब. क्वार्ट्ज थंड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, लिटरला जेमतेम 6 मिलिग्रॅम धरू. गोव्यात वर्षाला तीनेक मीटर पाऊस. निम्मा मुरला, तर चौरस मीटरमागे 1500 लिटर पाणी, म्हणजे वर्षाला 9 ग्रॅम क्वार्ट्ज. एका घनमीटर खडकात ते असते पावणेदोन टन. मीटरभर खडक धुवायला साधारण दोन लाख वर्षे. 50 मीटरला एक कोटी. अर्थात हा अगदी ढोबळ हिशेब. पण इथल्या मँगनीज खनिजांतल्या क्रिप्टोमेलेनमध्ये पोटॅशियम असते, त्यामुळे आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने त्याचे वय काढता येते. अशा कामांतून किनारपट्टीवरचे हे जांभीकरण (पावसापाण्याने खडक झिजून जांभा होणे) चार कोटी वर्षांहूनही मागे, इओसीन काळापर्यंत जाते असे दिसले आहे. पावसाला वेळ भरपूर मिळालेला आहे.

कागदावर जमले ते हातात घेताना मात्र दमछाक झाली. खाणींचा विषय आणि खाणी बंद! खंदकांत पाणी तुंबलेले, खालच्या पायऱ्या बुडालेल्या. ज्या भिंती पाण्याच्या वर होत्या तिथे जायलाही आधी लीजवाल्यांचे पत्र, मग सरकारी परवानगी. एका कार्यालयात माझा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. मला खनिज न्यायचे आहे असेच तिथे सगळ्यांनी धरले होते. मूठभर दगड हवेत हे पटवण्यात पाऊस आला आणि तो हंगाम गेला. एका कंपनीने जुने ड्रिल कोअर, म्हणजे जमिनीत भोक पाडून काढलेले खडकाचे दंडगोल, बघू दिले, पण पत्र्याच्या शेडमधल्या कितीतरी पेट्यांवरची लेबले वाळवीने खाल्लेली. खोली माहीत नसलेला कोअर माझ्या काय कामाचा?

तिथल्या वॉचमनने वाचवले. पूर्वी ड्रिलिंगच्या टोळीवर होते. म्हणाले, "बाय, ही रांग वरची, ती खालची. मीच लावलीत." लेबल शाबूत असलेल्या पेट्यांशी ताडून पाहिले तर त्यांचे सांगणे बरोबर होते. ताडता आल्या तेवढ्याच पेट्या मी घेतल्या. जाताना त्यांनी विचारलेच, "खाणी कधी सुरू होणार गो?" जिऑलॉजिस्टला हे ठाऊक असणारच, असा गावात समज आहे.

प्रयोगशाळेत सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो पॉलिशने. पावडरी माल ओला असला तर बोटांना कुंकवासारखा लागतो. त्याला घासून आरसा कसा करणार? आधी ओव्हनमध्ये 60 अंशांवर वाळवायचा. जास्त तापवले तर गोथाइट या पाणीयुक्त लोहखनिजातले पाणी उडून त्याचेच हेमॅटाइट होते आणि आपण निसर्गाचे म्हणून आपलेच काम मोजतो. मग व्हॅक्यूममध्ये इपॉक्सी मुरवायची, काचेवर कार्बोरंडमने घासायचे, शेवटी कापडावर एक मायक्रॉनची डायमंड पेस्ट. एक ओरखडा राहिला की परत मागे. पण नीट जमलेला तुकडा परावर्तित प्रकाशात धरला की खडक सरळ बोलतो. मॅग्नेटाइट या दुसऱ्या लोहखनिजाचे अष्टफलकी कण, आकार तोच, आत मात्र सगळे हेमॅटाइट झालेले. याला मार्टाइट म्हणतात. त्यांच्यामध्ये भोके, आणि भोकांच्या कडा सरळ, कोनदार. तिथे पूर्वी क्वार्ट्जचे कण होते. काही भोकांना आतून गोथाइटचे करडे पापुद्रे. म्हणजे आधी क्वार्ट्ज गेले आणि मग त्या रिकाम्या जागेत पाण्याने गोथाइट बसवले. हा क्रम कुठल्याही महागड्या यंत्राने मला इतक्या स्वच्छ सांगितला नाही. नवीन मुले थेट आयसीपी-एमएस या रासायनिक विश्लेषणाच्या यंत्राच्या आकड्यांवर उडी मारतात, ते मला पटत नाही. आकड्यांना आधी-नंतर कळत नाही.

रासायनिक विश्लेषणाबद्दल सांगण्यासारखे थोडेच: बाहेरच्या यंत्रासाठी रांग, बिलासाठी दुसरी रांग. नमुन्यांतले टायटॅनियम सहसा जागचे हलत नाही, म्हणून ते खुंटी धरून बाकी काय गेले ते मोजले. सिलिका गेली होती, हिशेबात आले होते तशीच.

एका कोअरने मात्र घोळ घातला. सगळ्यात खालच्या भागात पावडर हवी, तिथे घट्ट, जड, निळसर खनिज, त्यात हेमॅटाइटच्या बारीक चकत्या. ऑस्ट्रेलियातल्या हॅमर्सली आणि ब्राझीलमधल्या काराजास इथल्या उच्च प्रतीच्या मालात खोलातून आलेल्या उष्ण द्रावांचाही हात होता का, यावर अजून वाद आहे. तोच प्रश्न माझ्या टेबलावर येऊन बसला. व्हायवात, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, बाहेरच्या परीक्षकांनी नेमके त्यावर बोट ठेवले: "पाऊस इथवर पोचला का?" मी म्हटले, एवढ्या नमुन्यांवरून मला दोन्ही बाजूंनी काहीच सिद्ध करता येत नाही, ऑक्सिजनची समस्थानिके (कमी-जास्त वजनाचे ऑक्सिजनचे अणू) मोजल्याशिवाय पाणी पावसाचे की खोलातले हे ठरणार नाही. त्यांनी तो कोअर मुख्य निष्कर्षातून वेगळा काढून स्वतंत्र प्रकरणात मांडायला लावला आणि प्रबंध मान्य केला.

आता पोस्ट-डॉकचा प्रस्ताव त्याच कोअरवर लिहिते आहे. बाबांना सांगितले, तर त्यांचा पहिला प्रश्न, "त्या खालच्या मालाचे ग्रेड काय?" 66. "मग चांगला आहे," म्हणाले.