कोरं करकरीत

गुढीला कोरं वस्त्र शोभतं, कारण गुढीला घाम येत नाही. दुकानाच्या वासाचं, घडीवरचं, खळीनं ताठ झालेलं कापड वेळूच्या टोकाला बांधलं की निऱ्या दिवसभर जशाच्या तशा उभ्या. वर कडुनिंबाचा डहाळा, साखरेची गाठी, पालथा तांब्या. तेच कापड शिवून चैत्रातल्या दुपारी माणसाच्या अंगावर चढवा. मानेला काचतं, काखेत चिकटतं, आणि बसलं की पाठीमागे असं काही चुरगळतं की उठल्यावर माणूस घडी मोडलेल्या वर्तमानपत्रासारखा दिसतो.

झाडांचं बरं असतं. पिंपळाचं तांबूस पान फुटतं तेच लुसलुशीत; ते कडक आणि चिवट व्हायचं ते पुढे, वैशाखात. आपल्या नव्या वस्तूंचा प्रवास उलटा. कापड, चप्पल, पुस्तक, सगळं हातात येतं तेव्हा करकरीत असतं आणि मऊ पडतं ते वापरून. म्हणून पाडव्याची खरेदी पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी करणं हा शुद्ध घाईचा मामला आहे. फाल्गुनी पौर्णिमेची होळी आणि चैत्र शुद्ध प्रतिपदा यांच्यात बरोबर पंधरवडा असतो. होळीची राख गार झाली की दुकानात जावं. वस्तू माणसाळायला पंधरा दिवस पुरतात.

आधी कापड. चैत्रात दोन पन्ह्यांकडे लक्ष हवं, एक कैरीचं आणि एक कापडाचा. कैरीच्या पन्ह्यात गूळ की साखर हा वाद घरोघरी होतो, कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, मात्र कुणी विचारत नाही, आणि मग शिंपी सांगतो की बाही निघत नाही. ४४ इंची पन्ह्यात पूर्ण बाहीच्या कुडत्याला अडीच मीटर लागतं. पन्हा ३६ इंच असेल तर तेवढ्यात भागत नाही, तीन मीटर घ्यावं. दुसरी गोष्ट सुताचा नंबर. एक पौंड वजनात ८४० यार्डांच्या जितक्या लडी भरतात तो त्या सुताचा नंबर, म्हणजे नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. साठ नंबरचं कापड रोजच्या शर्टाला, कुडत्याला उत्तम. मलमल साधारण ८० ते १०० नंबरची. अंगाला वाऱ्यासारखी लागते, पण उजेडासमोर धरली तर पलीकडचा माणूस दिसतो. तिला अस्तर लावलं की गारवा अर्धा गेला, म्हणून मलमल साडीला, ओढणीला आणि घरच्या सदऱ्याला ठेवावी.

हाताला लागणारा कडकपणा सुताचा नसतो, खळीचा असतो. मागावर ताण्याचे, म्हणजे उभे, धागे सतत ओढले जातात, घासले जातात. ते तुटू नयेत म्हणून विणण्याआधीच त्यांना खळ पाजतात. इचलकरंजीत या कामाचे वेगळे कारखाने आहेत, त्यांना नुसतं ‘सायझिंग’ म्हणतात. काही ठिकाणी पुढेही कापड जाड भासावं म्हणून आणखी खळ चढवली जाते. ओळखायची खूण सोपी आहे. कापडाचा कोपरा दोन्ही मुठींत धरून जोरात चोळावा. बोटांना पांढरी भुकटी लागली तर आपण सुताबरोबर पिठाचेही पैसे मोजतोय.

शिवायला टाकण्याआधी कापड रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवायचं, साबण न घालता. सकाळी पाणी जरा बुळबुळीत होतं, किंचित आंबूस वास येतो. ती सुटलेली खळ. पाणी बदलून दोनदा खळबळून काढायचं, न पिळता सावलीत वाळत घालायचं, आणि पुरतं कडकडीत वाळायच्या आत, दमट असतानाच इस्त्री करायची. या एका रात्रीत कापड आटायचं ते आटून घेतं. साधं सुती कापड पहिल्या पाण्यात शंभराला तीन ते पाच आटतं. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण ४२ इंची कुडता दीड इंच वर गेला की माप कुणी चुकीचं घेतलं यावर घरात चर्चा सुरू होते आणि तिचा शेवट नेहमी शिंप्यापाशी होतो.

रंगाचं म्हणाल तर गडद निळ्या, लाल, काळ्या कापडाचा एक कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर दहा वेळा घासून पाहावा. रुमाल रंगला तर ते कापड पहिली तीन-चार धुणी एकटंच राहील. मिठाच्या पाण्यात घातलं की रंग पक्का होतो, ही समजूत फार जुनी आहे. मीठ रंगवताना उपयोगी पडतं, रंग धाग्यात ढकलतं. नंतर बादलीत घातलेलं मीठ फक्त त्या पाण्यापुरता रंग धरून ठेवतं. पुढच्या धुण्याला सदऱ्याचा रंग शेजारच्या बनियनला लागायचा तो लागतोच.

आता उलटा प्रश्न. एवढी खळ काढून झाल्यावर काहीजण पुन्हा खळ घालतात, ते वेडे का? वेडे नव्हेत, पण ते कुठे राहतात त्यावर आहे. सोलापूर, संभाजीनगर, नागपूरच्या कोरड्या उन्हात हलकी खळ चांगली. कापड अंगापासून जरा सुटं राहतं, मधून हवा खेळते, मळ धाग्याऐवजी खळीवर बसतो आणि पुढच्या धुण्यात तिच्याबरोबर निघून जातो. मुंबईत, कोकणात, गोव्यात मात्र तीच खळ घामाने भिजते आणि अकरा वाजेपर्यंत पाठीला खीर थापल्यासारखं होतं. तिथे सुती कपडा बिनखळीचाच बरा. घालायचीच तर एका साडीला दोन चमचे साबुदाणा दीड-दोन लिटर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत उकळून, फडक्यातून गाळून घ्यावा. गाळायचा कंटाळा केला की गडद रंगावर पांढरे ठिपके उठतात आणि इस्त्रीला गुठळी चिकटते. आणि खळीचे कपडे पावसाळ्याआधी धुऊन मगच कपाटात, नाहीतर कसर त्या खळीवर जेवायला येते, आणि जेवता जेवता कापडही संपवते.

चप्पल हा याहून हट्टी विषय. मराठीत चप्पल ‘लागते’ किंवा ‘चावते’. तिला तोंड आहे हे आपल्या भाषेने कधीच मान्य करून टाकलंय. कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं असतं, शिवण कातडी दोऱ्याची, खिळा नाही. म्हणूनच ती सुरुवातीला लाकडासारखी असते आणि म्हणूनच पुढे पायाचा साचा घेते. रबरी चप्पल पहिल्या दिवशी जशी असते तशीच शेवटच्या दिवशीही असते. २०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार मिळून. कोल्हापूरबरोबर सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. २०२५च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने २०२६च्या वसंत-उन्हाळ्यासाठी पुरुषांचे कपडे दाखवले, तेव्हा मॉडेलांच्या पायातलं कोल्हापुरीसारखं पायताण पाहून इकडे ओरड झाली, आणि मग मूळ भारतातलं असल्याचं कंपनीने मान्य केलं. रॅम्पवर शंभर पावलं चालायची असली तर कोरी कोल्हापुरीही चालते. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर गर्दीत दोन तास हिंडायचं असेल तर नाही.

घेताना संध्याकाळी घ्यावी, दिवसभर चालून पाय जरा सुजलेला असतो. पट्टा सैल होतो, तळ लांब होत नाही, हे लक्षात ठेवलं की अर्धं काम झालं. पट्टा घट्ट असला तरी चालेल, टाच मागे लोंबता कामा नये. टाचेमागे पाव इंच तळ दिसायला हवा. पाऊल नाजूक असेल तर कोल्हापुरीतलीच नाजूक जात, कापशी, दिवसभर चालणं असेल तर जाड तळाचं पायताण. आणि दोन्ही पायांत घालून पाहावी. हाताने कापलेल्या जोडीत डावा-उजवा जुळे भाऊ असतात, आरशातलं प्रतिबिंब नसतात.

घरी आणल्यावर कापसाचा बोळा खोबरेलात किंवा एरंडेलात बुडवून, पिळून, पट्ट्याच्या आणि अंगठ्याच्या, म्हणजे पायाचा अंगठा अडकतो त्या कडीच्या, आतल्या बाजूने फिरवायचा. वरून नाही, डाग पडतो. तळावर तर अजिबात नाही, पाय सरकतो. रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवायची. अंगठ्याची आतली धारदार कड चमच्याच्या पाठीने दाबून दाबून गोल करून घ्यायची. चावते ती बहुतेक वेळा हीच जागा. मग रोज संध्याकाळी वीस मिनिटं, घरातल्या घरात. दुसऱ्या दिवशी पट्ट्याची वेणी पायाच्या उंचवट्यावर बसायला लागते. पाचव्या-सहाव्या दिवशी तळावर टाचेचा आणि अंगठ्याचा काळपट ठसा उमटलेला दिसतो. तो दिसला की चप्पल तुमची झाली, आता कुणी देवळाबाहेरून चुकून घालून गेलंच तर त्यालाही ती चावेल.

पाण्यात भिजवून लवकर मऊ करण्याचा सल्ला मिळेल, तो ऐकू नये. झाडाच्या सालीत कमावलेलं कातडं पाणी पितं, फुगतं, आणि उन्हात भरभर वाळवलं की तळाचे थर कडेने सुटून वर वळतात. मृग लागायच्या आत कोरड्या फडक्याने पुसून, आत कागद भरून ती माळ्यावर जायला हवी.

गॉगलबद्दल एवढंच की काच किती काळी आहे याला अर्थ नाही, ती ‘यूव्ही ४००’, म्हणजे अतिनील किरण अडवणारी, आहे की नाही याला आहे. नुसती काळी काच डोळ्याची बाहुली मोठी करते आणि नको ते किरण अधिक आत घेते.

या सगळ्या यादीत माणसाळवावी लागत नाही अशी एकच गोष्ट आहे, गजरा. तोही घेताना उमललेला घेऊ नये. मोगऱ्याची कळी दुपारी चारला घट्ट मिटलेली, देठाशी किंचित हिरवट असली की दिवेलागणीला उमलते आणि वास तेव्हा सुटतो. सकाळी माळलेला गजरा समारंभ सुरू होईपर्यंत तपकिरी पडतो. ताजा ठेवायला त्याच्यावर पाणी शिंपडू नये. पाकळीवर थेंब राहिला की तिथे डाग. ओल्या मलमलीच्या फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळून फ्रिजमध्ये. ओवलेला दोरा केसांत रुतू नये असं वाटत असेल तर केळीच्या सोपटात बांधलेला मागावा. गोव्याकडचा अबोलीचा वळेसर वासाला काहीच नाही, पण तो मोगऱ्यापेक्षा कितीतरी जास्त टिकतो. पाहुणे तीन दिवस राहणार असतील तर अबोली.

खांद्याला शबनम हवी, आणि शबनममध्ये पुस्तक. चैत्राच्या दुपारी पाचशे पानांची बांधीव कादंबरी छातीवर घेऊन आडवं होणं म्हणजे झोपेला शस्त्र पुरवणं. लहान लहान तुकड्यांचं, कुठूनही उघडावं असं काहीतरी बरं. दुर्गा भागवतांचं १९५६ सालचं ‘ऋतुचक्र’ यासाठीच असल्यासारखं आहे. सुरुवात चैत्रापासून, महिन्याला एक लेख. शहाण्याने ते एका बैठकीत संपवू नये. चैत्राचा लेख वाचून पुस्तक मिटावं, खाली जाऊन पळस, पांगारा, कडुनिंब यांपैकी गल्लीत जे असेल ते पाहून यावं, वैशाखात परत उघडावं. वर्षभर पुरतं.

त्याहून लहान तुकडे हवेत तर ‘गाथासप्तशती’. सातवाहन राजा हाल याच्या नावावरचा महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथांचा संग्रह. एक गाथा दोन ओळींची, म्हणजे बसच्या दोन थांब्यांमधली. आंब्याचा मोहोर, शेतं, रुसवे आणि बराचसा चावटपणा. म्हणून शेजारचा प्रवासी डोकावत असेल तर पान उलटावं. मराठी अर्थासह छापलेली प्रत घ्यावी आणि आधी मूळ ओळ मोठ्याने म्हणावी, निम्मे शब्द कानाला ओळखीचे लागतात. बहिणाबाईंच्या गाण्यांचंही तसंच. डोळ्यांनी वाचताना अडखळायला होतं, ओठांनी म्हटली की खानदेशी बोलीचा अडसर दुसऱ्या कडव्यापर्यंत राहत नाही.

कोरं पुस्तकही चप्पलेसारखंच चावतं, फक्त स्वतःला. आजची बरीच पुस्तकं शिवलेली नसतात, पानांच्या कडेला गोंद लावून मुखपृष्ठात चिकटवलेली असतात. ती मधोमध उघडून दोन्ही हातांनी दाबली की कण्यातून ‘कट्’ असा आवाज येतो, आणि महिन्याभरात नेमकं तेच पान हातात येतं. नव्या पुस्तकाचा कणा टेबलावर टेकवावा, आधी एक मुखपृष्ठ आडवं करावं, मग दुसरं. मग पुढची दहा पानं घेऊन मधल्या घडीवरून बोट फिरवावं, मग मागची दहा, पुन्हा पुढची, असं करत मधोमध यावं. दोन मिनिटांचं काम. त्यानंतर पुस्तक टेबलावर आपणहून उघडं राहतं, त्यावर मोबाइल ठेवावा लागत नाही. गुढीचा वाळलेला कडुनिंब पानांमागे ठेवायला चांगला, पण खरोखरच वाळलेला. ओलसर पानाने कागदावर आपल्या आकाराचा तपकिरी ठसा उमटतो.

पाडव्याला सूर्यास्ताच्या आत गुढी उतरते. खणावर गाठीची साखर पाझरलेली असते, एका काठाला हळदीचं बोट. खण कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा असेल तर पन्हा ३०-३२ इंचांचा, एका चोळीपुरता. आधी गार पाण्याने साखर जाऊ द्यायची, नाहीतर रात्रीत मुंग्या. हळदीला साबण लागला की डाग लालभडक होतो, त्याने घाबरून घासत सुटू नये. सौम्य साबणाने धुऊन तेवढाच काठ सकाळच्या उन्हात धरावा, हळद उन्हात उडते. बाकीचा खण सावलीत. शिंप्याकडे तो दोन दिवसांनी जाईल, तोवर निऱ्यांची ऐट पुरती उतरलेली असेल.