सासिकाया: टूरचे पैसे भरण्याआधी हे वाचा

सासिकाया ही इटलीतल्या तोस्कानाची महागडी रेड वाइन. ‘सासिकाया टूर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सहलीत तिच्या द्राक्षांची बाग असेलच असं नाही. दुतर्फा सायप्रसची झाडं असलेल्या रस्त्यावर फोटो, मग भलत्याच वायनरीत तीन ग्लास, की संपली सहल. पैसे भरण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा: ही वाइन बनवणाऱ्या तेनुता सान ग्विदो इस्टेटच्या आवारात प्रवेश आहे का? उत्तर गोलमोल आलं तर सोडून द्या. तिथं आगाऊ वेळ ठरवल्याशिवाय जाता येत नाही.

सायप्रसच्या झाडांचा रस्ता सान ग्विदोच्या चॅपेलपासून बोल्गेरी गावापर्यंत जवळजवळ 5 किलोमीटर, नाकासमोर सरळ. फोटोत रम्य दिसतो, पायी मात्र छळतो. हलका चढ संपतच नाही, झाडं रस्त्याला खेटून असल्यामुळे गाडी आली की सरकायला जागा कमी, आणि निमुळत्या झाडांची सावली दुपारी पायाखालीच संपते. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत चाला, नाहीतर सायकल घ्या. रेल्वेनं जवळच्या चेचिना स्टेशनवर उतरणार असाल तर पुढचं वाहन आधीच ठरवा. बोल्गेरी गाव बघायला अर्धा तास पुरे.

सासिकायाच्या बागा या रस्त्यालगत सलग पसरलेल्या नाहीत, वेगवेगळ्या तुकड्यांत आहेत. इस्टेटचे मालक मारिओ इंचिझा देल्ला रोकेत्ता यांनी 1944 मध्ये पहिली लागवड केली ती वर डोंगरात, कास्तिल्योंचेल्लोला. नंतरच्या बागा खाली, दगडगोट्यांच्या जमिनीत झाल्या. ‘सास्सो’ म्हणजे दगड, नाव त्यावरूनच. पाणी झिरपून जातं, मुळांना खोल जावं लागतं, आणि काबेर्ने सोव्हिन्यों या द्राक्षाच्या जातीला हेच मानवतं. वाइनमध्ये ती साधारण 85 टक्के, उरलेली काबेर्ने फ्रां. बाजारात आलेला पहिला हंगाम 1968 चा. 2013 मध्ये या एकाच इस्टेटच्या वाइनला बोल्गेरीपासून वेगळी डीओसी, म्हणजे वाइनच्या मूळ प्रदेशाची सरकारी मान्यता, मिळाली.

सगळ्यात जास्त फसगत ग्लासात होते. दुकानात ग्लासचा भाव लिहिलेला असतो, माप नसतं. ‘क्वांती मिलिलीत्री?’ (किती मिलिलिटर?) असं आधी विचारा. 50 मिली असेल तर भावाला 15 नं गुणा, म्हणजे बाटली कितीला पडते ते कळेल. हंगामाचं सालही विचारा. कोवळं साल बाटली उघडून लगेच ओतलं तर टॅनिननं, म्हणजे द्राक्षाच्या सालीतल्या तुरटपणानं, जीभ आवळते, आणि एवढे पैसे मोजून पिंपाच्या लाकडाचीच चव हाती लागते. तासभर आधी उघडून ठेवतील का, ते विचारा. नाही म्हणाले तर त्याच इस्टेटची ग्विदाल्बेर्तो ही वाइन घ्या. तिच्यात मेर्लो जातीची द्राक्षंही असल्यानं ती लवकर पिण्याजोगी होते, आणि स्वस्तही पडते.

बाटली ‘ओळखीतून स्वस्तात’ मिळत असेल तर घेऊच नका. 2020 मध्ये फिरेंझेच्या (फ्लोरेन्सच्या) आर्थिक पोलिसांनी बनावट सासिकायाचं मोठं जाळं पकडलं. त्यात आतली वाइन सिसिलीची आणि बाटल्या तुर्कस्तानातल्या निघाल्या.

भारतात येताना शुल्काविना माणशी 2 लिटर मद्य आणता येतं. म्हणजे 750 मिलीच्या दोनच बाटल्या. तिसरी घेतलीत की 2.25 लिटर होतात. कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत मधोमध ठेवा.