२२ जून, गणेशखिंड

आज दुपारी विद्यापीठात काम होते. परतताना पावसाची जोरदार सर आली म्हणून मुख्य इमारतीच्या कमानींखाली उभा राहिलो. एरवी करडा दिसणारा दगड भिजून पार काळा पडला होता आणि त्याच्या सांध्यांवरून पाण्याच्या बारीक धारा ओघळत होत्या. तेवढ्यात आजची तारीख लक्षात आली, आणि पाऊस उघडल्यावरही तिथून पाय निघेना.

ही वास्तू मुळात विद्यादानासाठी बांधलेली नाही. सर बार्टल फ्रिअर मुंबईचे गव्हर्नर असताना, १८६४ मध्ये, गव्हर्नरांचे पावसाळ्यातील निवासस्थान म्हणून तिचे काम सुरू झाले आणि १८७१ मध्ये ते पुरे झाले. आराखडा जेम्स ट्रबशॉ यांचा. मनोऱ्याचे आणि इटालियन धाटणीचे कौतुक आपण नेहमीच ऐकतो. मला मात्र ही इमारत आठवते ती १८९७ च्या २२ जूनमुळे. प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली घराघरांत शिरून झालेल्या झडत्यांनी पुणे होरपळलेले असताना, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी याच भिंतींच्या आत झडली, आणि ती आटोपून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडच्या घोडागाडीवर दामोदर चापेकरांनी मागून चढून गोळी झाडली. पाठच्या गाडीतील लष्करी अधिकारी आयर्स्टवर बाळकृष्ण चापेकरांनी नेम धरला. आयर्स्ट तेव्हाच गेला. रँड ३ जुलैला.

स्वातंत्र्यानंतर हे घर विद्यापीठाला मिळाले, याचे मला फार समाधान वाटते. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठाचा कारभार भांडारकर संस्थेच्या आवारातील निजाम अतिथिगृहातून सुरू झाला. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी मनावर घेतल्यामुळे गणेशखिंडीची ही चारशे एकरांहून मोठी जागा मिळाली आणि त्याच वर्षी विद्यापीठ इथे आले. जिथे निमंत्रणावाचून पाऊल टाकता येत नव्हते, तिथे गावोगावची मुले शिकायला येऊ लागली. २०१४ पासून तर विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचे नाव आहे.

आज माझ्या शेजारी दोन मुली उभ्या होत्या. एकीने ओढणीखाली कागदपत्रांची फाइल छातीशी घट्ट धरली होती, अर्जाची मुदत संध्याकाळी संपणार म्हणून दोघी घाईत होत्या. सर ओसरताच त्या पायऱ्या चढून आत गेल्या. मी बस न धरता, मेट्रोच्या खांबांखालून, गणेशखिंड रस्त्याने पायीच घरी आलो.