बाईंना ‘तू’ म्हणताना

आज स्पेनमधल्या सालामांकात तास संपल्यावर निबंधाच्या मुदतीविषयी विचारायला गेले, तेव्हा साठीकडे झुकलेल्या प्राध्यापिकाबाई मला मध्येच थांबवून हसून म्हणाल्या, “मला ‘उस्तेद’ नको, ‘तू’ म्हण.”

स्पॅनिशमधला ‘उस्तेद’ म्हणजे आपला आदरार्थी ‘तुम्ही’. तिथला ‘तू’ उच्चाराने आणि अर्थानेही अगदी आपल्या ‘तू’सारखाच आहे, आणि माझी अडचण नेमकी तीच होती. जीभ रेटेना, म्हणून क्रियापदच गाळून “शुक्रवारी?” एवढेच विचारून मी निघाले.

‘उस्तेद’ हा शब्द ‘वुएस्त्रा मेर्सेद’ या जुन्या आदरार्थी संबोधनावरून आला. आज स्पेनमध्ये विद्यार्थी शिक्षकांना सर्रास नावाने हाक मारतात. माझी कोलंबियातल्या बोगोताची मैत्रीण मात्र सख्ख्या भावालाही ‘उस्तेद’ म्हणते, आणि त्या शब्दातली तिची माया मला रोज फोनवर ऐकू येते.

संध्याकाळी नदीवरच्या रोमन पुलावरून परतताना आठवले, की मी बाबांना ‘तुम्ही’ म्हणते आणि आईला ‘तू’, पण त्यामुळे आईचा मान तसूभरही कमी आहे असे मला कधी वाटलेले नाही. मग बाईंच्या बाबतीतच मन एवढे का कचरते?

परदेशात शिकलेल्यांनो, तुम्हाला शिक्षकांना पहिला ‘तू’ म्हणायला किती दिवस लागले?