रजिस्टरमागची भीती

आरोग्य केंद्रातल्या सिस्टर माणसापेक्षा रजिस्टरच जास्त पाहतात, ही तक्रार आमच्या यवतमाळकडं गावोगाव ऐकू येते आणि ती खोटी नाही. पण त्याचं खापर बाईच्या स्वभावावर फोडणं मला अजिबात पटत नाही.

फवारणीच्या दिवसात कपाशीतून उचलून माणूस आणतात, तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, कपड्याला औषधाचा वास. बायको विचारते, "हे वाचतीन ना जी, बाई?" आणि सिस्टर विषावरचं अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन भरता भरता म्हणते, "आधार कार्ड आणलं का?" ऐकणाऱ्याचं डोकंच फिरते. पण मी बाजूलेच होतो, तिचा हात कापत होता. 2017 ला आपल्या जिल्ह्यात याच विषबाधेनं माणसं गेली, ते पाहिलेली बाई काय उत्तर देईन?

लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटमधल्या मनोविश्लेषक इझाबेल मेन्झिस यांनी 1950 च्या दशकाच्या शेवटी तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलातल्या नर्सिंगचा अभ्यास केला होता. पेशंटला नावानं नाही, खाट नंबरनं न् आजारानं ओळखायचं, झोपलेल्याला उठवून झोपेची गोळी द्यायची, साधा निर्णयही वरच्यावर ढकलायचा. त्यांचं म्हणणं असं की मरण, दुखणं, नातेवाइकांचा आक्रोश रोज अंगावर येतो, तो जाणवू नये म्हणून अख्खी संस्थाच नकळत अशा पद्धती पाडून घेते, आणि तरी भीती जात नाहीच, उलट कामातलं समाधान जाते. तिथल्या शिकाऊ नर्सपैकी जवळपास एक तृतीयांश मुली ट्रेनिंग अर्धवट सोडून जायच्या!

आपल्याकडं तक्रार झाली की वरून गोड बोलायचं ट्रेनिंग येते, नाहीतर अजून एक ऑनलाइन एन्ट्री. नोंदी लागतातच, त्याबद्दल वाद नाही. पण आढावा बैठकीत पेशंट दगावल्यावर एकच विचारतात, 108 किती वाजता बोलावली, म्हणजे चूक कोणाची. मग माणूस कागदाच्या आडच जाईन ना.

नंतर चहा घेताना त्याच सिस्टर म्हणाल्या, "मले वाटते तिनं इचारूच नये. काय सांगू मी तिले?" हे बोलायला बैठकीत जागा पाहिजे. कोणी दगावलं की त्याच आठवड्यात डॉक्टर, सिस्टर, आशाताई, ड्रायव्हर सगळ्यांनी अर्धा तास बसावं, आणि त्याचा अहवाल कोणी मागू नये, नाहीतर तिथंही सगळे सावरूनच बोलतीन.