तुम्ही विचारलंत म्हणून : डावा बूट पेडललाच राहिला

पाऊस ओसरला की कोकणात सायकलने निघणारं कुणी ना कुणी विचारतंच, “टो क्लिप लावू, की क्लीटवाले पेडल घेऊ?” बहुतेकांनी तोवर क्लीटचे बूट पसंत करून ठेवलेले असतात, माझा फक्त होकार हवा असतो. तो मी देत नाही. मी टो क्लिपवाली आहे, आणि तीही पट्टा सैल ठेवणारी.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. टो क्लिप म्हणजे पेडलच्या पुढच्या बाजूला बसवलेली कमान आणि तिच्यातून ओवलेला पट्टा. चप्पल सरकवावी तसा पाय आत सरकवायचा, मागे ओढला की बाहेर. क्लीट म्हणजे बुटाच्या तळाला बोल्टने घट्ट केलेला छोटा तुकडा. तो पेडलच्या स्प्रिंगमध्ये खटकन बसतो आणि टाच बाहेर वळवली की सुटतो. पाय खरा अडकतो तो या दुसऱ्या प्रकारात, आणि नाव काय, तर क्लिपलेस! टो क्लिप नाही म्हणून क्लिपलेस, एवढंच. फ्रान्सच्या लुक कंपनीने बर्फावरच्या स्कीला बूट अडकवायची कल्पना 1984 साली सायकलच्या पेडलला लावली. पुढच्याच वर्षी फ्रेंच सायकलपटू बर्नार इनोने ते पेडल मारत टूर द फ्रान्स ही मोठी सायकल शर्यत जिंकली, आणि जग तिकडे वळलं. जपानच्या शिमानो कंपनीचं एसपीडी नावाचं क्लिपलेस पेडल 1990 चं. या सगळ्याआधी बेल्जियमच्या एडी मर्क्सने हीच शर्यत पाच वेळा जिंकली ती पट्ट्यात पाय अडकवूनच. त्यामुळे टो क्लिपला कुणी नवशिक्यांची वस्तू म्हटलं की मला हसू येतं.

मीही दोन वर्षं एसपीडी वापरले. दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरून गुहागरकडे निघाले होते. जेटीनंतरचा चढ संपवून एका बसथांब्यापाशी थांबायचं ठरवलं. आपण रस्त्याच्या डावीकडून चालवतो, त्यामुळे सवयीने डावा पाय सोडवायला टाच वळवली. टाच वळली, बूट वळला, पण सुटेना. तोवर सायकलचा वेग संपला आणि मी पॅनियरसकट (सायकलला अडकवलेल्या सामानाच्या पिशव्या) तांबड्या मातीत आडवी. थांब्यावरचे आजोबा शांतपणे म्हणाले, “बाय, पाय टेकायचा नाय काय?”

क्लीटच्या दोन बोल्टपैकी एक वाटेत कुठेतरी गळून पडला होता. एकाच बोल्टवर क्लीट राहिली की पाय वळवल्यावर तीही बुटाखाली गरगर फिरते, मग स्प्रिंग उघडणार कशी? शेवटी बुटाची बंदं सोडून पाय बाहेर काढला. मी मोज्यावर उभी आणि बूट पेडलला लटकलेला. तीन मिलिमीटरच्या ॲलन कीने स्प्रिंगचा ताण पार सैल केला, बूट पिळपिळ पिळला, तेव्हा कुठे तो निघाला. बाटलीच्या स्टँडचा बोल्टही पाच मिलिमीटरचाच असतो, तो काढून बुटाला लावला. आटे बसले, पण लांबीला जास्त. आतून तळव्याला टोचायला लागला. गुहागरपर्यंत ते टोचणं सहन केलं.

दोष बोल्ट न तपासणाऱ्या माझा होता, हे कबूल. पण त्या दिवशी मी पहिल्यांदा विचार केला की टूरवर माझा पाय पेडलवरून उतरतो किती वेळा? मुरूडपासून जयगडपर्यंत किनाऱ्याने या : आगरदांडा, बागमांडला, दाभोळ, तवसाळ, प्रत्येक खाडीला फेरीबोट. रॅम्पवर ओलं लोखंड, त्यावर शेवाळ. मध्ये गावातल्या अरुंद गल्ल्या, समोरून एसटी आली की थांबा. देऊळ दिसलं की बूट काढा. कोकम सरबत दिसलं की थांबा (हे थांबणं मला तरी चुकवता येत नाही). जांभ्याचा चिखल क्लीटमध्ये भरला की ती बसत नाही, मग काडी शोधा. दिवसभर असं चालणाऱ्या माणसाला पाय पटकन सुटणं हवं, का पेडलला चिकटणं?

“पण क्लीटने पेडल वर ओढता येतं ना?” हा पुढचा प्रश्न. अहो, सामान लादून दहा-बाराच्या वेगाने घाट चढताना मी तरी काही ओढत बसत नाही. मला पाय जागेवर राहायला हवा, चवड्याखाली बरोबर पेडलचा दांडा यायला हवा, आणि खड्ड्यात आपटल्यावर तो घसरायला नको. हे काम सैल पट्ट्याची टो क्लिप करते.

लावताना पट्ट्याला पेडलच्या आत एक पीळ द्या, म्हणजे तो सरकत नाही. बकल बाहेरच्या बाजूला येऊ द्या. बोट आणि कमान यांच्यात थोडी फट हवी, नाहीतर उतारावर अंगठ्याचं नख काळंनिळं होतं. बूट कॅनव्हासचे नकोत. त्यांचा तळ मऊ, संध्याकाळपर्यंत पेडलचे दाते तळव्यात उमटतात. जरा कडक तळाचे घ्या. आणि फ्रेम लहान असेल तर नीट बघा. मी बुटकी, माझी फ्रेम लहान, त्यामुळे घाटातल्या वळणावर हळू असताना क्लिपचं टोक पुढच्या चाकाला लागतं. पहिल्यांदा लागलं तेव्हा दरीच दिसली होती. आता वळणावर आतला पाय वर ठेवते.

हायवेने पुणे ते बेंगळुरू असं सरळ अंतर कापायचं असेल, तर क्लीट खुशाल घ्या. पण दोन बोल्टवालीच घ्या. ती बुटाच्या खाचेत बसते, चालता येतं. तीन बोल्टवाली शर्यतीची असते, तिच्यावर बदकासारखं चालावं लागतं. एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला एसपीडी असंही पेडल मिळतं. माझी मैत्रीण तेच वापरते आणि खूश आहे, फक्त हवी ती बाजू कधीच वर नसते.

काहीही घेतलंत तरी बसवताना एक लक्षात ठेवा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. नेहमीसारखं डावीकडे फिरवून काढायला गेलात तर ते आणखी घट्ट होतं. दुकानातला पोरगा पान्याला पाइप जोडून जोर लावायला लागला, तर त्याला आधी थांबवा.